वाचकांचे प्रश्न : अ‍ॅनिमेशन संगीतपटांची सुरुवातीची गाणी

अ‍ॅनिमेशनच्या संगीतपटांविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांत या वेळी एक विषय पुन्हा पुन्हा आढळला, आणि तो म्हणजे या चित्रपटांच्या आरंभी येणारे गाणे. त्यामुळे या अंकात आम्ही त्याच विषयावरील प्रश्न निवडले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण प्रश्नांचा आवाकाच तसा होता.

प्रश्न : संपादक महोदय, अ‍ॅनिमेशनच्या अनेक संगीतपटांत पहिल्या काही मिनिटांतच एक मोठे, समूहाने गायलेले गाणे येते. कथेने अजून वेग घेतलेला नसतो, आणि तेवढ्यात सारे गाव गाऊ लागते. मला दर वेळी असे वाटते की, यामुळे कथेला विनाकारण उशीर होतो. या गाण्यामागे मनोरंजनापलीकडे काही कारण असते का?

उत्तर : कारण असते, आणि ते समजले की उशिराची तक्रार बहुधा उरत नाही. संगीतपटात माणसे बोलता बोलता गाऊ लागतात, ही गोष्ट प्रेक्षकाने मान्य करावी लागते. चाळिसाव्या मिनिटाला एखादे पात्र पहिल्यांदाच गाऊ लागले, तर प्रेक्षक दचकतो आणि कथेतून बाहेर पडतो. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला सारा बाजार गाऊ लागला, तर तो त्या जगाचा नियम म्हणून सहज स्वीकारला जातो. अ‍ॅनिमेशनमध्ये ही मान्यता मिळवणे तुलनेने सोपे असते, कारण तेथे मुळात सगळेच रेखाटलेले असते. खऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर बोलणे आणि गाणे यांच्यामध्ये जो सांधा दिसतो, तो रेखाटलेल्या चेहऱ्यावर दिसत नाही.

नुसती मान्यता मिळवून देणे हे मात्र या गाण्याचे सर्वांत लहान काम आहे. त्याचे मोठे काम पाहायचे असेल, तर १९९१ सालच्या ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ या चित्रपटाचे पहिले गाणे लक्षपूर्वक पाहावे, अशी माझी आपल्याला विनंती आहे. हॉवर्ड अ‍ॅशमन यांचे शब्द आणि अ‍ॅलन मेन्केन यांचे संगीत असलेले हे गाणे म्हणजे, माझ्या मते, या कलाप्रकारातील सर्वांत घट्ट विणीची सुरुवात आहे. आधी रंगीत काचचित्रांतून राजपुत्राच्या शापाची हकिकत निवेदनाने सांगितली जाते आणि लगेच सकाळच्या प्रकाशातले एक लहान गाव दिसते. नायिका एकटीच घराबाहेर पडते आणि जवळजवळ स्वतःशीच गाऊ लागते. मग एकामागून एक खिडक्या उघडतात, अभिवादनांचा गजबजाट सुरू होतो, आणि एका मुलीचे मनोगत बघता बघता पूर्ण गावाचा कोरस होते.

आता या कोरसमध्ये काय काय घडते ते पाहा. ती गावाविषयी गाते आणि गाव तिच्याविषयी गाते, पण दोघेही एकमेकांशी बोलत नाहीत. ती पुस्तकात डोके घालून चालत राहते, गर्दी तिच्याभोवती फिरत राहते, आणि गर्दीचे तपकिरी, तांबूस, मातकट रंग आणि तिचा एकटीचा निळा पोशाख यांतला फरक शब्दांच्या आधीच प्रेक्षकाच्या डोळ्यांत भरतो. मध्येच ती कारंज्याच्या कठड्यावर बसते, लय मंदावते, आणि ती आपल्या आवडत्या पुस्तकातला जो प्रसंग सांगते, त्यात पुढे तिच्याच आयुष्यात घडणाऱ्या गोष्टीची चाहूल असते. त्यानंतर गर्विष्ठ शिकारी प्रवेश करतो, त्याचा स्वर त्याच चालीत स्वतःची जागा रेटून घेतो, आणि शेवटच्या भागात नायिका, शिकारी, त्याच्यावर भाळलेल्या मुली, दुकानदार आणि गिऱ्हाइके या सर्वांच्या ओळी एकमेकींवर रचल्या जातात. गाणे संपते तेव्हा नायिकेला काय हवे आहे, गावाला तिच्याविषयी काय वाटते, खलनायक कोण आहे आणि त्याला ती का हवी आहे, हे सर्व आपल्याला समजलेले असते. हेच संवादांतून सांगायचे ठरवले असते, तर याच्या दुप्पट वेळ लागला असता.

याहूनही महत्त्वाची एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. एकसुरात विचार करणारी ही गर्दी या गाण्यात निरुपद्रवी, हसरी वाटते. पण चित्रपटाच्या उत्तरार्धात तीच गर्दी मशाली घेऊन, पुन्हा गातच, किल्ल्यावर चालून जाते. ‘जे आपल्यासारखे नाही ते विचित्र’ ही गावाची वृत्ती पहिल्याच गाण्यात आपण ऐकलेली असते, म्हणूनच पुढचा हिंसक जमाव आपल्याला अचानक उगवलेला वाटत नाही. अ‍ॅशमन यांचे निधन मार्च १९९१ मध्ये, म्हणजे हा चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वी काही महिने झाले. नाट्यगृहातल्या संगीतनाटकाची जाण त्यांनी अ‍ॅनिमेशनमध्ये आणली, आणि पुढच्या कितीतरी चित्रपटांनी तीच वाट धरली.

सुरुवातीच्या गाण्याची पारख करताना ते ओठांवर किती रेंगाळते, एवढेच पाहू नये. त्या गाण्यात पेरलेले पुढे कोठे कोठे उगवते, हे पाहावे. याच कसोटीवर काही लोकप्रिय गाणी उणी ठरतात, आणि काही फारशी न गुणगुणली जाणारी गाणी श्रेष्ठ ठरतात.

प्रश्न : मी शाळेत संगीत शिकवते. विद्यार्थ्यांनी मला विचारले की, अ‍ॅनिमेशनपटात आधी चित्र तयार होते आणि त्यावर गाणे बसवले जाते, की आधी गाणे ध्वनिमुद्रित होते? मला खात्रीने उत्तर देता आले नाही. कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : पात्रे गात असतील, तर आधी गाणे आणि मग चित्र, हा क्रम जवळजवळ सर्वत्र पाळला जातो. त्याची मुळे बोलपटाच्या अगदी आरंभीच्या काळात आहेत. १९२८ साली ‘स्टीमबोट विली’ हा मिकी माउसचा लघुपट तयार होत असताना, चित्र आणि संगीत यांची गाठ कशी घालायची हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा विल्फ्रेड जॅक्सन या तरुण अ‍ॅनिमेटरने मेट्रोनोमच्या ठोक्यांचा आधार घेऊन चित्रचौकटींचा हिशेब मांडला. त्याच हिशेबाची सुधारित रूपे आजही वापरात आहेत.

आपल्या विद्यार्थ्यांना हा हिशेब नक्की आवडेल. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. गाण्याची गती मिनिटाला १२० ठोके असेल, तर सेकंदाला दोन ठोके पडतात आणि प्रत्येक ठोक्याच्या वाट्याला १२ चौकटी येतात. गती ९० असेल तर १६ चौकटी, ८० असेल तर १८, आणि १४४ असेल तर १० चौकटी. गती १०० ठेवली तर मात्र ठोक्यामागे १४.४ चौकटी येतात, आणि चौकटीचा तुकडा तर पाडता येत नाही. म्हणूनच जुन्या काळी अनेकदा पूर्ण चौकटींत बसणारी गती निवडली जात असे, आणि स्टुडिओतले लोक गतीचा उल्लेखही ‘बारा चौकटींचा ठोका’ अशाच भाषेत करत असत.

ध्वनिमुद्रण झाल्यावर त्याची अक्षरशः चिरफाड केली जाते. कोणते अक्षर कोणत्या चौकटीवर सुरू होते, स्वर किती चौकटी लांबतो, गायकाने श्वास कोठे घेतला, हे सर्व एका उभ्या तक्त्यावर उतरवले जाते. त्याला एक्सपोजर शीट म्हणतात. अ‍ॅनिमेटर तो तक्ता समोर ठेवून आणि गाणे शेकडो वेळा ऐकून रेखाटन करतो. ‘प’, ‘ब’, ‘म’ यांसारख्या अक्षरांना ओठ मिटलेले दिसलेच पाहिजेत. ते एखाद-दोन चौकटींपुरते जरी मिटले नाहीत, तरी डोळ्याला खटकते. हालचालीचा ठसका आवाजाच्या ठोक्यापेक्षा एक-दोन चौकटी आधी पडला तर तो अधिक अचूक भासतो, असा अनुभवी अ‍ॅनिमेटरांचा संकेत आहे.

तरीही ओठ हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे, असे मी म्हणेन. गाणारा माणूस फक्त तोंडाने गात नाही. स्वर उंच जाण्यापूर्वी छाती भरते, खांदे किंचित उचलले जातात, मानेवर ताण येतो, आणि लांबलेल्या स्वराच्या शेवटी शरीर सैलावते. ज्या अ‍ॅनिमेटरने हे टिपले, त्याचे पात्र गाताना दिसते. ज्याने फक्त ओठ जुळवले, त्याचे पात्र दुसऱ्याच्या आवाजावर तोंड हलवताना दिसते. म्हणूनच ध्वनिमुद्रणाच्या वेळी गायकांचे चित्रीकरण करण्याची पद्धत अनेक स्टुडिओंत आहे.

बाहुल्या एकेक चौकट हलवून केल्या जाणाऱ्या स्टॉप-मोशन पद्धतीत तर हा क्रम बदलण्याची सोयच नसते. १९९३ सालच्या ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’ या चित्रपटाची गाणी डॅनी एल्फमन यांनी पटकथा पूर्ण होण्याच्याही आधी रचली होती. त्यातील जॅक या पात्रासाठी वेगवेगळ्या भावांची आणि ओठांच्या आकारांची सुमारे ४०० डोकी तयार केलेली होती, आणि गाण्याच्या तक्त्यानुसार ती बदलली जात. त्या चित्रपटाचे पहिले गाणे तेथील भीतिदायक नगरातील रहिवासी एकेक ओळ वाटून घेऊन गातात, आणि नायक मात्र गाणे संपताना प्रकट होतो. नगर आधी आणि नायक नंतर, असा क्रम ठेवल्यामुळे त्या नगराला त्याच्याकडून काय अपेक्षा आहेत हे आपल्याला आधी कळते, आणि पुढे त्याला त्याच अपेक्षांचा कंटाळा आलेला दिसतो तेव्हा तो समजून घेणे सोपे जाते.

प्रश्न : ‘द लायन किंग’च्या आरंभीच्या दृश्यात एकही संवाद नाही, तरीही ते पाहताना अंगावर काटा येतो. याचे श्रेय चित्राला द्यावे की गाण्याला?

उत्तर : दोघांच्या आपसातील समजुतीला. एल्टन जॉन आणि टिम राइस यांचे गाणे, हान्स झिमर यांनी केलेला त्याचा विस्तार आणि दक्षिण आफ्रिकेतील गायक-संगीतकार लेबो एम यांची झुलू भाषेतील साद, अशा तीन थरांतून ते उभे राहिले आहे. या दृश्यात संवाद असावेत अशी मूळ कल्पना होती. परंतु संगीताचा विस्तार ऐकल्यावर संवाद वगळण्यात आले. बोलण्याची गरज कोठे संपते हे दिग्दर्शक रॉजर अ‍ॅलर्स आणि रॉब मिन्कॉफ यांनी ओळखले, आणि मला हा निर्णय त्या गाण्याइतकाच मोलाचा वाटतो.

चित्रकारांनी काय केले तेही पाहावे. पहिली हाक काळोखात येत नाही, ती उगवत्या सूर्यावर येते. त्यानंतर प्राणी मान वर करतात, म्हणजे हाक फक्त आपण ऐकली नसून त्या जगानेही ऐकली आहे, हे प्रस्थापित होते. पुढे एक क्षण असा आहे की, अगदी जवळच्या फांदीवरून पाने वाहून नेणाऱ्या मुंग्या दिसतात, आणि दृष्टीचा केंद्रबिंदू सरकून मागून धावणारे झेब्रे स्पष्ट होतात. लहानात लहान जीव आणि मोठा कळप एकाच चौकटीत आणून चित्रकारांनी गाण्याचा संपूर्ण आशय दोन-तीन सेकंदांत मांडला आहे. ध्वनीतही हाच विचार आहे : एक आवाज, मग अनेक, मग सगळे, आणि शेवटी नगाऱ्याच्या एका ठोक्यासरशी काळ्या पडद्यावर चित्रपटाचे नाव. ही संपूर्ण सुरुवात चित्रपटाची जाहिरात म्हणून १९९३ च्या अखेरीस, म्हणजे प्रदर्शनाच्या काही महिने आधी, चित्रपटगृहांत जशीच्या तशी दाखवण्यात आली होती. एरवी जाहिरातीसाठी अनेक दृश्यांचे तुकडे जोडावे लागतात. येथे पहिले दृश्यच पुरेसे होते.

चित्रपटाच्या शेवटी तोच कडा, तीच साद आणि नवे पिल्लू दिसते. सुरुवात एवढी भक्कम नसती, तर तो शेवट निव्वळ पुनरावृत्ती वाटला असता.

प्रश्न : सुरुवातीचे गाणे आणि नायिकेच्या इच्छेचे गाणे ही एकच गोष्ट आहे का?

उत्तर : नाही. सुरुवातीचे गाणे जगाविषयी असते, आणि इच्छेचे गाणे त्या जगात न सामावणाऱ्या एका जिवाविषयी असते. दोन्ही बहुधा एकमेकांच्या जवळ येतात, म्हणून गल्लत होते. ‘द लिटल मर्मेड’ या १९८९ च्या चित्रपटात आरंभी धुक्यातल्या जहाजावर खलाशी समुद्राखालच्या राज्याविषयी एक छोटे गाणे गातात. जलपरीचे स्वतःचे गाणे त्यानंतर बऱ्याच वेळाने, तिने जमवलेल्या मानवी वस्तूंच्या गुहेत येते. हॉवर्ड अ‍ॅशमन यांनी स्टुडिओतील सहकाऱ्यांना समजावून सांगितले होते की, संगीतनाटकात आरंभीच कधीतरी नायिका कोठेतरी बसते आणि आपल्याला आयुष्यात काय हवे आहे ते गाऊन सांगते, आणि तेथून प्रेक्षक तिच्या बाजूने होतो.

तरीही ते गाणे कापले जाण्याच्या बेतात होते. काम अर्धवट असताना घेतलेल्या एका चाचणी-खेळात, हे दृश्य कच्च्या रेखाटनांच्या स्वरूपात असताना, लहान मुले चुळबुळ करू लागली, आणि स्टुडिओचे प्रमुख जेफ्री कॅट्झेनबर्ग यांनी ते वगळावे असे सुचवले. अ‍ॅशमन, दोन्ही दिग्दर्शक आणि अ‍ॅनिमेटर ग्लेन कीन यांनी त्याला ठाम विरोध केला, आणि पूर्ण रंगवलेले दृश्य पुढच्या खेळात दाखवल्यावर प्रेक्षकांची नजर पडद्यावरून हलली नाही. मला यातून चित्राविषयीच एक गोष्ट दिसते : स्थिर गाण्याला जिवंत चेहरा लागतो. धावपळीचे गाणे कच्च्या रेखाटनातही तग धरते, मनोगत धरत नाही.

इच्छेच्या गाण्याची परंपरा अर्थातच जुनी आहे. २१ डिसेंबर १९३७ रोजी पहिल्यांदा दाखवल्या गेलेल्या ‘स्नो व्हाइट’मध्ये नायिका विहिरीपाशी गाते आणि विहीर तिचाच स्वर परत करते. तेथे जगाची ओळख करून देणारे समूहगीत नाही. ते काम आरंभी उघडणारे पुस्तक करते.

प्रश्न : सुरुवातीचे गाणे पात्रांनीच गायला हवे का?

उत्तर : तसे बंधन नाही. १९४० च्या ‘पिनोकियो’त शीर्षकांवर ऐकू येणारा आवाज कोणाचा आहे हे गाणे संपताना कळते, आणि तो गाणारा रातकिडा मग आपल्याशी थेट बोलू लागतो. १९९९ च्या ‘टार्झन’मध्ये फिल कॉलिन्स यांचा आवाज बाहेरून येतो, आणि माणसांचे एक कुटुंब व गोरिलांचे एक कुटुंब यांची दृश्ये त्याच्या आधाराने शेजारी शेजारी चालतात, पात्रांनी गाण्याची गरजच उरत नाही. ‘टॉय स्टोरी’च्या कर्त्यांनी तर १९९५ साली पात्रांना न गायला लावण्याचे आधीच ठरवले होते, आणि रँडी न्यूमन यांचे गाणे मुलगा व खेळणे यांच्या मैत्रीवर पार्श्वभूमीसारखे पसरले. मात्र बाहेरचा आवाज निवडला की तो नियम शेवटपर्यंत पाळावा लागतो. मध्येच पात्राने तोंड उघडून गायला सुरुवात केली, तर आरंभी केलेला करार मोडल्यासारखे वाटते.

प्रश्न : ज्या संस्कृतीवर चित्रपट आधारलेला आहे, तिची ओळख पहिल्याच गाण्यात करून दिली जाते. ही ओळख पुष्कळदा वरवरची, कधी कधी अपमानास्पदही असते. याविषयी आपले मत काय आहे?

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, आणि तिला ठोस आधारही आहे. १९९२ च्या ‘अलादीन’च्या पहिल्या गाण्यात अरब प्रदेशाचे वर्णन क्रौर्याशी जोडणारी ओळ होती. अमेरिकेतील अरब संघटनेने आक्षेप घेतल्यानंतर १९९३ साली घरगुती चित्रफितीसाठी त्या ओळीचे शब्द बदलण्यात आले. इतरत्र कोठे अशी ओळ आली असती तर कदाचित एवढे बोलले गेले नसते. पण सुरुवातीच्या गाण्यात ती आली, म्हणजे चित्रपटाने आपल्या जगाचा स्वभावच तसा आहे असे जाहीर केले. या गाण्याची जबाबदारी जास्त असते ती याच कारणाने.

याच्या उलट बाजूचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. २०१३ च्या ‘फ्रोझन’ची सुरुवात ज्या समूहस्वरांनी होते, ते नॉर्वेतील संगीतकार फ्रुडे फ्येलहेम यांच्या आधीच्या रचनेवर आधारलेले आहेत, आणि त्यांत उत्तर युरोपातील सामी लोकांच्या योइक या गायनप्रकाराचा आधार आहे. त्या स्वरांनी चित्रपटाला विलक्षण उंची दिली, पण सामी लोकांना कथेत पुरेसे स्थान नव्हते, अशी टीका झाली. २०१९ च्या दुसऱ्या भागाच्या वेळी स्टुडिओने सामी प्रतिनिधींशी करार करून त्यांचा सल्ला घेतला आणि चित्रपटाची उत्तर सामी भाषेतील आवृत्तीही तयार केली. ज्यांचा स्वर घेतला त्यांना कथेत आणि निर्मितीत जागा देणे हाच यावरचा योग्य मार्ग आहे, असे मला मनापासून वाटते. ‘मोआना’साठी २०१६ साली सामोआत जन्मलेले ओपेताइया फोआई यांना संगीतकारांच्या चमूत घेतले गेले, तेव्हा पहिल्याच मिनिटात ऐकू येणाऱ्या स्वरांमागे त्या प्रदेशाशी नाते असलेला माणूस होता.

याच संदर्भात १९९८ च्या ‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’चा उल्लेख करायला हवा. त्याच्या आरंभी गुलामांचे कष्टाचे समूहगीत आणि बाळाला नदीत सोडणाऱ्या आईची अंगाई एकमेकांत गुंफली आहेत. आईचा आवाज येमेनी वंशाच्या इस्रायली गायिका ऑफ्रा हाझा यांचा आहे, आणि अनेक भाषांतील आवृत्त्यांसाठी त्यांनी तो भाग स्वतः गायला. प्रचंड पुतळे, त्यांच्या पायथ्याशी मुंगीएवढी माणसे, आणि मग एकाएकी एका आईचा चेहरा पूर्ण पडदाभर : मोठ्या आणि लहान आकारांचा इतका अर्थपूर्ण वापर मी फार थोड्या चित्रपटांत पाहिला आहे.

प्रश्न : अलीकडच्या चित्रपटांतील सुरुवातीची गाणी शब्दांनी भरलेली आणि वेगवान असतात. जुनी गाणी अधिक चांगली होती, असे आपल्याला वाटत नाही का?

उत्तर : सरसकट तसे वाटत नाही. २०२१ च्या ‘एन्कांतो’चे पहिले गाणे ऐकताना शब्दांचा मारा होतो हे खरे आहे, लिन-मॅन्युएल मिरांडा यांची ती शैलीच आहे. पण त्या गर्दीला कारण आहे. नायिका घरातील प्रत्येकाची अद्भुत शक्ती उत्साहाने सांगत सुटते, मुले तिला पुन्हा पुन्हा तिच्या स्वतःच्या शक्तीविषयी विचारतात, आणि ती दर वेळी आणखी एका नातेवाइकाकडे वळते. वेग वाढत जातो तो तिला उत्तर टाळायचे असते म्हणून. गाण्याची गती हीच येथे पात्राची मनःस्थिती आहे, आणि हे जुन्या उत्तम गाण्यांच्या तोडीचे काम आहे.

दुसरीकडे, पात्रांची यादी वाचून दाखवल्यासारखी गाणीही येतात, आणि ती जुन्या काळीही येत होतीच. १९९६ च्या ‘द हंचबॅक ऑफ नोत्र दाम’ची सुरुवात आधी साध्या निवेदनाने करण्याचे ठरले होते. ती फिकी वाटल्यामुळे अ‍ॅलन मेन्केन आणि स्टीफन श्वार्ट्झ यांनी तिचे गाणे केले. बाहुल्यांचा खेळ करणारा निवेदक मुलांना एक गोष्ट सांगतो, गोष्ट भूतकाळात शिरते, लॅटिन प्रार्थनांचा कोरस तीत मिसळतो, एका आईचा मृत्यू होतो, आणि निवेदक वर्तमानात परत येतो तो राक्षस कोण आणि माणूस कोण हा प्रश्न विचारतच. तोच मजकूर नुसता सांगितला असता तर ती माहिती ठरली असती.

प्रश्न : मी चित्रकलेचा विद्यार्थी आहे आणि मला अशा गाण्यांच्या दृश्यांवर काम करायचे आहे. अभ्यासाला सुरुवात कोठून करावी?

उत्तर : आवडते एक गाणे निवडावे आणि ते प्रथम पडद्याकडे न पाहता, डोळे मिटून ऐकावे. वाद्ये कोठे वाढतात, आवाज कोठे एकटा पडतो, शांतता कोठे येते, याच्या खुणा कागदावर एका आडव्या रेषेवर कराव्यात. त्यानंतर आवाज बंद करून तेच दृश्य पाहावे आणि त्याच रेषेखाली दुसऱ्या रेषेवर चित्रातले बदल टिपावेत : चौकट कोठे बदलली, कॅमेरा कोठे सरकला, गर्दी कोठे वाढली, कोणता रंग नव्याने आला. दोन्ही रेषा एकाखाली एक ठेवल्या की चित्र संगीताबरोबर कोठे चालते आणि मुद्दाम विरुद्ध कोठे जाते, हे दिसू लागते. प्रत्येक ठोक्यावर हालचाल करणे ही नवशिक्यांची सवय असते, आणि ती लवकर मोडलेली बरी. ‘फ्रोझन’च्या पहिल्या कष्टगीतात करवती आणि टोच्यांचे घाव लयीत पडतात, कारण ते गाणे कामाचेच आहे, मनोगताच्या गाण्यात असे केले तर पात्र कवायत करताना दिसेल.

पुढच्या टप्प्यावर सुमारे तीस सेकंदांचा, शक्यतो आपल्या एखाद्या मित्राने गायलेला तुकडा घ्यावा, म्हणजे मूळ चित्रांची आठवण आड येणार नाही. त्याचा चौकटींचा तक्ता स्वतः करावा, आणि लगेच अ‍ॅनिमेशनकडे न वळता दहा-बारा लहान रेखाटनांत दृश्याची मांडणी करावी. पात्र कोठे उभे आहे, त्याच्याभोवती किती मोकळी जागा आहे, प्रकाश कोठून येतो, एवढेच त्यात ठरवावे. ही रेखाटने गाण्याच्या चालीवर एकामागून एक लावून, गाणे माहीत नसलेल्या माणसाला दाखवावीत, आणि या पात्राला काय हवे आहे असे त्याला विचारावे. त्याला सांगता आले नाही, तर तक्ता तसाच ठेवून मांडणी पुन्हा करावी.